रंग बघून काढायचं

रज्जाकभाईंनी खिमा दोनदा मशीनमधून काढला,
विचारलं, "समोसं हाईत काय आज?"
मी म्हटलं, नाही, पास्ता.
त्यांनी मान हलवली,
दुसऱ्याच्या पाहुण्याचं नाव ऐकून हलवतात तशी.

आईचा नियम: मटण देवघराच्या भिंतीला लागून शिजायचं नाही.
म्हणून मागच्या पडवीत, पाण्याच्या टाकीशेजारी,
माझा ओव्हन, तिचा जर्मनचा टोप,
आणि खुर्ची टाकून आप्पा.

आप्पा तीस वर्षं मदुराईत सोनं गाळत होते.
आमच्या विट्यात हे फोडून सांगावं लागत नाही,
गल्लीतल्या प्रत्येक घराला असं एक लांबचं गाव आहे
जिथून मनीऑर्डर यायची.
त्यांच्या उजव्या हातावर, अंगठ्यापासून मनगटापर्यंत,
केस उगवत नाहीत.

कांदा लाल केला. खिमा परतला.
पाणी सुटलं, पाणी आटलं, तेल कडेला आलं.
टोमॅटो आठ, किसून. लसूण, ठेचून.
आईनं पाठीमागून येऊन, न विचारता,
चमचाभर कांदा-लसूण चटणी टाकली
आणि काही न बोलता आत गेली.
इटली तिथंच संपली.

मैदा लोण्यात भाजून दूध ओतलं.
"खळ करतीयास व्हय?"
पांढरा सॉस, आप्पा.
"गाठी हुतील. एकाच अंगानं ढवळ."
गाठी झाल्या.

नळ्या उकडून थोड्या कच्च्याच काढल्या,
हे त्यांना अजिबात पटलं नाही.
मग थर: नळ्या, खिमा, पांढरं, पुन्हा नळ्या,
आणि सगळ्यावर चीज,
सांगलीहून एसटीनं आणलेलं, बर्फाच्या पिशवीत, मांडीवर,
तासगाव येईपर्यंत मांडी बधिर.

काचेआड तारा लाल झाल्या
तशी आप्पांनी खुर्ची पुढं ओढली.
माझ्या दहावीच्या निकालाकडंही
त्यांनी इतकं वाकून पाहिलं नव्हतं.
चीज आधी घामेजलं, मग कडा सैल पडल्या,
मधोमध एक बुडबुडा आला. फुटला.
काढू?
"पोरू."
काय?
"पोरू, पोरू. थांब म्हणत्यात तिकडं.
मूस घाईनं उचलली तर माल सांडतो,
न्हाईतर हात जातो.
घड्याळ बघायचं नसतं. रंग बघून काढायचं."

आणि लाईट गेली.

मी दाराला हात घातला.
"उघडू नको. आतली आग आत ऱ्हाऊ दे."
तारा विझत विझत काळ्या झाल्या.
शेजारी कुणाचा तरी इन्व्हर्टर गुणगुणायला लागला.
टोमॅटोचा, दुधाचा, भाजल्या कडेचा वास
पडवीभर बसून राहिला आमच्यासोबत.

मग ते अंधाराकडं बघत बोलले,
की दुकानातच झोपायचो, आठ जण,
सकाळी झाडलेली धूळसुद्धा फेकायची नाही,
धुऊन घ्यायची, त्यात सोनं असतं.
की हात भाजला तेव्हा मी बारा वर्षांचा.
"रडलो न्हाई. तिथं रडाय मराठीत कोण हुतं?"
एवढंच.
माझी तिशी उलटली आहे,
आणि हे मला लाईट गेल्यावर कळलं.

थोड्या वेळानं त्यांनी तोच हात
काचेपासून वीतभर लांब धरला,
कपाळावरचा ताप बघावा तसा.
"झालं. काढ आता."

मोबाईलच्या उजेडात पाहिलं.
तो रंग मला सांगता येणार नाही.
तो आप्पांना विचारा.

आई म्हणाली, मला नको,
आणि उलथन्यानं चारी कोपरे खरवडून खाल्ले.
"खरपुडी तेवढी बरी हाय."
आप्पांनी दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा भाकरीशी.
गाठींबद्दल कुणी काही बोललं नाही.

जेवणं झाल्यावर रिकामा ट्रे
त्यांनी दोन्ही हातांनी उचलला,
क्षणभर तोलून पाहिला,
सवय म्हणून,
आणि वजन न सांगता
मोरीत नेऊन ठेवला.